उपकारस्तुती आणि फुल हाउस

नाताळच्या दुसऱ्या दिवशी आईबाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं पुरी होत होती. आमचं कुटुंब नगर, पुणे, गोराई आणि मुंबईची निम्मी उपनगरं एवढ्या टापूत पांगलेलं. सगळ्यांना सारखंच गैरसोयीचं ठिकाण शोधायला गेलं की ते कर्जत निघतं. पुण्याकडचे घाट उतरून येतात, मुंबईचे लोकलमध्ये दोन तास काढून. तेव्हा कर्जत-खोपोली रस्त्याला, पळसदरीच्या पुढे, एक फार्महाउस दोन दिवसांसाठी घेतलं.

पंचवीसला सकाळी ज्याने त्याने आपापल्या चर्चमध्ये नाताळची उपासना केली आणि संध्याकाळपर्यंत दोन माणसं सगळ्यांच्या आधी येऊन थडकली. एक खोपोलीचे मामा. कारखान्यातून निवृत्त झालेले, मूळचे नगरचे, शब्बाथ शाळेत मुलांच्या कैक पिढ्यांना दहा आज्ञा पाठ करून घेतलेले. दुसरी माझी वहिनी. गोराईची ईस्ट इंडियन, कॅथलिक, प्राथमिक शाळेत शिक्षिका. मामा आमच्या घरचे सर्वांत कडक प्रॉटेस्टंट, आणि वहिनी आमच्या घरच्या प्रत्येक समारंभाची सूत्रधार. मी हाउजीची तिकिटं फाडायला बसलो होतो. वाद माझ्यासमोर झाला, त्यामुळे तो जसा आठवतो तसा देतो. मधेमधे तोंड घालण्याची सवय मात्र जात नाही.

सुरुवात वहिनीने व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेल्या कार्यक्रमपत्रिकेवरून झाली.

मामा : हे काय लिहिलंयस? उपकारस्तुती पंधरा मिनिटं, खेळ दोन तास. म्हणजे देवाला एक वाटा आणि हाउजीला आठ. हा हिशेब कुणाचा?

वहिनी : माझाच, मामा. पंधरा मिनिटांच्या पुढे मुलं बसत नाहीत.

मामा : बसवायचं कुणी शिकवायचं त्यांना? आमच्याकडे उपकारस्तुती म्हणजे दोन गीतं, शास्त्रवाचन, घरच्यांची साक्ष, पाळकसाहेबांचा संदेश, आणखी एक गीत, मग आशीर्वाद. तास सहज जायचा. आणि आम्ही मांडी घालून बसायचो.

वहिनी : बसून काय करायचात?

मामा : (थोडं थांबून) समोरच्या रांगेतल्या टोप्या मोजायचो. पण बसायचो.

खोटं बोलता येत नाही, ही वादात मामांची मोठी अडचण आहे.

वहिनी : मग मुलांनी उद्या टोप्यांऐवजी आकडे मोजले तर काय बिघडलं?

मामा : आकड्यांवर पैसे लावलेत ते बिघडलं. दहा रुपयांचं तिकीट काढायचं, साठ माणसांचे पैसे एका डब्यात गोळा करायचे आणि चिठ्ठी निघेल त्याला द्यायचे, याला सरळ भाषेत जुगार म्हणतात. या मुलखात १८८७ पासून जुगाराविरुद्ध कायदा आहे.

वहिनी : दहा रुपयांच्या हाउजीसाठी खालापूरहून पोलीस येणार आहेत का?

मामा : पोलिसांची गोष्ट नाही. नाताळ आहे. येशूच्या झग्यासाठी शिपायांनी वधस्तंभाखाली चिठ्ठ्या टाकल्या, हे आठवत नाही का तुला?

वहिनी : आठवतं. आणि यहूदाच्या जागी बारावा प्रेषित कसा निवडला तेही आठवतं. मत्थियाच्या नावाची चिठ्ठी निघाली म्हणून. प्रेषितांची कृत्ये, पहिला अध्याय. चिठ्ठी शिपायांनी टाकली तर पाप आणि पेत्राने टाकली तर निवडणूक?

मामा : पेत्राने आधी प्रार्थना केली. आणि डब्यात पैसे नव्हते.

इथे वहिनी गप्प झाली. तिने माझ्याकडे बघितलं, मी तिकिटांकडे. हाउजीचं तिकीट निवांतपणे पाहिलं आहे का कुणी? तीन आडव्या ओळी, नऊ उभे रकाने, सत्तावीस घरं आणि त्यांत फक्त पंधरा आकडे, प्रत्येक ओळीत पाच. पहिल्या रकान्यात १ ते ९, दुसऱ्यात १० ते १९, असं करत शेवटच्या रकान्यात ८० ते ९०. बाकीची बारा घरं रिकामी. अर्ली फाइव्ह, टॉप लाइन, मिडल लाइन, बॉटम लाइन, फोर कॉर्नर्स, फुल हाउस, हे आमच्याकडे सातवी-आठवीतल्या मुलांपासून आत्यांपर्यंत सगळ्यांना तोंडपाठ असतं. शास्त्रवचनं तितकी नसतात, हे मामांचं दुखणं आहे आणि ते खरं आहे.

वहिनी : मामा, एक गोष्ट सांगते. इटलीतल्या नेपल्समध्ये १७३४ साली हाच वाद झाला असं तिथले लोक सांगतात. राजा चार्ल्सला लॉटरी अधिकृत करायची होती, कारण लोक चोरून खेळायचे आणि कर बुडायचा. एक डॉमिनिकन धर्मगुरू होते, फादर रोक्को. ते आडवे आले. म्हणाले, यात गरिबांची घरं बुडतात. शेवटी मांडवली झाली. लॉटरी चालेल, पण नाताळच्या आठवड्यात बंद. आणि लोकांनी काय केलं? त्या आठवड्यात घरी बसून स्वतःच चिठ्ठ्या केल्या. त्याचा टोंबोला झाला. नव्वद आकडे, टोपलीतून काढायचे, आजी ओरडणार, नातवंडं झाकणार. अजून तिथे घरोघरी नाताळात खेळतात.

मामा : म्हणजे धर्मगुरू हरले.

वहिनी : हरले कुठे? पैसा बाहेरच राहिला, खेळ तेवढा घरात आला.

मामा : मग तुझ्या पत्रिकेत तो पैसा परत कसा आला?

मामांनी तिची गोष्ट तिच्यावरच उलटवली. मात्र वहिनीकडे इतिहासाची आणखी एक गोष्ट होती, आणि ती मामांच्या घराण्यावर घसरणारी होती.

वहिनी : तुम्हाला खेळांचं वावडं का आहे ते मला माहीत आहे. तुमचे मिशनरी अमेरिकेच्या त्या कोपऱ्यातून आले जिथे नाताळच बेकायदा होता. मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ पासून १६८१ पर्यंत नाताळ पाळला तर पाच शिलिंग दंड होता. आणि त्यांच्याच वंशातले हॉल आणि नॉट १८१३ ला मुंबईत उतरले, पुढे १८३१ मध्ये त्यांच्या मिशनने नगर गाठलं. तुम्ही जे संस्कार संस्कार म्हणता ना, ते बॉस्टनचं थंडगार पाणी आहे.

मामा : पाठ करून आलीस वाटतं.

वहिनी : तुमच्यासमोर यायचं म्हणजे करावंच लागतं.

मामा : मग आता माझंही ऐक. त्या थंड पाण्याने आम्ही तोंड धुतलं म्हणून आम्ही शाळेत गेलो. नगरला १८४२ मध्ये ज्ञानोदय हे नियतकालिक निघालं ते त्याच लोकांमुळे. पण ते जाऊ दे. आमच्या आजोबा-पणजोबांचा विचार कर. नगर जिल्ह्यातल्या महारवाड्या-मांगवाड्यांतली माणसं. हातात रोजचे आणे-दोन आणे. गावची जत्रा आली की एका रात्रीत पत्ते, दारू आणि तमाशा मिळून पंधरवड्याची कमाई जायची. मंडळीत आल्यावर पाळकाने पहिली गोष्ट सांगितली ती पत्ते सोडा ही. बॉस्टनच्या साहेबाला पत्ते का आवडत नव्हते ते त्याचं त्याला ठाऊक. आमच्या पणजीला का आवडत नव्हते ते मला माहीत आहे. तिच्या घरात त्यानंतर दोन वेळ भाकरी शिजायला लागली. आज तू पगारदार आहेस, तुला दहा रुपये म्हणजे गंमत. हा नियम ज्यांनी केला त्यांना ते दहा रुपये गंमत नव्हते.

मला वाटतं, त्या संध्याकाळी बोललं गेलेलं सर्वांत वजनदार वाक्य हेच. परदेशातून आलेला नियम म्हणून मराठी ख्रिस्ती घरांतल्या जुन्या कडकपणाची चेष्टा करायची आपल्याला सवय लागली आहे. नियम बाहेरून आला असेल, पण तो धरून ठेवायचं कारण इथल्या मातीतलं होतं. ज्यांनी धरला त्यांनी आनंदही सोडला नाही. त्यांचा आनंद कीर्तनाकडे गेला. नगरच्या ख्रिस्ती कीर्तनकारांनी, पुढे रेव्हरंड टिळकांच्या भजनांनी, टाळ-मृदंग देवळात आणला आणि जत्रेतली रात्र मंडपात बसवली. मामा अजून झांजा झकास वाजवतात.

वहिनीनेही हे मनापासून ऐकलं, कारण तिने पत्रिकेवरचं ‘तिकीट रु. १०’ पेनाने खोडलं.

वहिनी : तिकीट फुकट. बक्षिसं मी आणि हा मिळून देतो. (हा म्हणजे मी. मला विचारलं नव्हतं.) आता तर जुगार नाही?

मामा : जुगार नाही. पण खेळ तरी कसला? अक्कल लागत नाही, मेहनत लागत नाही. त्यापेक्षा बायबल क्विझ ठेव.

वहिनी : ठेवली होती ना मागे एकदा. कोण जिंकलं?

मामा : जो वाचतो तो जिंकतो.

वहिनी : तुम्ही जिंकलात. दुसरे बाबा. तिसरी नगरची आत्या. आणि आपले जावई कोपऱ्यात मोबाइल बघत बसले, कारण ते हिंदू आहेत आणि त्यांना कुणी सांगितलं नव्हतं की शमशोन कोण आणि शमुवेल कोण. त्यांची आई पण उद्या येतेय. भेंड्या लावल्या तर ज्यांना गाणी येतात तेच. डम्ब शराड्स लावलं तर ज्यांनी इंग्रजी सिनेमे पाहिले तेच. हाउजी हा एकच खेळ आहे ज्यात नगरची ऐंशी वर्षांची आत्या, जावयांची आई, कॉलेजात जाणारा पोरगा आणि तुम्ही, सगळे एका रेषेत. आत्याला दिसत नाही, तर शेजारी नात बसते आणि तिच्या तिकिटावर वालाचा दाणा ठेवते. अक्कल लागत नाही हाच त्याचा गुण. कृपेला तरी कुठे अक्कल लागते, मामा? तुम्हीच सांगता ना, कर्मांनी नाही, कृपेने.

मी तिकिटं फाडायची थांबलो. कॅथलिक सुनेने प्रॉटेस्टंट मामांना ल्यूथरच्या दारात नेऊन उभं केलं होतं.

मामा : कृपा आणि नशीब एक नाही. कृपा मागेल त्या सगळ्यांना पुरते. तुझं फुल हाउस साठांत एकालाच लागतं आणि एकोणसाठ जण म्हणतात, छे, एकच राहिला होता.

वहिनी : बरं, तेवढं खरं. म्हणून मी बक्षिसं लहान ठेवलीत. स्टीलचा डबा, चिक्की, टॉर्च. एकोणसाठ जणांना रडू येईल असं काही नाही.

मामा : एवढंच असेल तर कुणी आटापिटा का करेल?

वहिनी : बघाच उद्या. चिक्कीसाठी तुमची बहीण खुर्चीवर उभी राहते.

माझी आई खुर्चीवर उभी राहते, हे खरं आहे.

यानंतर बराच वेळ मामा बाहेरच्या ओट्यावर होते. फार्महाउस सांभाळणारं जोडपं, तिथल्याच ठाकर वाडीतलं, अंगणात पोपटी लावत होतं. वालाच्या शेंगा नुकत्याच भरायला लागल्या होत्या. मडक्यात तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, पुन्हा शेंगा, वर परत पाला कोंबून मडकं उपडं, आणि भोवती पेंढा-गोवऱ्या. रायगडात थंडी पडली की हा बेत होणारच. त्यांची दोन पोरं मडक्याभोवती न फिरता खिडकीपाशी उभी होती आणि आत टेबलावर ठेवलेल्या रंगीत पार्सलांकडे बघत होती. मामांनी ते पाहिलं आणि ते आत आले ते नवीनच मुद्दा घेऊन.

मामा : या दोन पोरांचं काय?

वहिनी : कसलं काय?

मामा : उद्या तू खेळ घेणार, तेव्हा ती खिडकीतच असणार. आत साठ माणसं, बाहेर दोन. तुझ्या रेषेत ती बसत नाहीत. तिकीट दहा रुपयांचं होतं तेव्हा बसणार नव्हतीच.

वहिनी : आता फुकट आहे. बसतील. शाळेत जाणारी पोरं आहेत, आकडे येतात त्यांना.

मामा : त्यांच्या आईबापांना सांगशील? का फक्त वाढायला बोलावशील?

वहिनी : (चिडून) मामा, तुम्ही खेळाविरुद्ध बोलताय की माझ्याविरुद्ध?

मामा : मी खेळात बाहेर कोण राहतं ते विचारतोय. संगीत खुर्चीही तशीच. मला तो खेळ बघवत नाही. एकेक खुर्ची काढायची आणि एकेक माणूस हाकलायचा. शेवटी एक जण खुर्चीवर आणि बाकी घर भिंतीला टेकून उभं. हे काय समारंभाचं चित्र आहे?

वहिनी : पण मुलं हसतात त्यात.

मामा : जे अजून आत आहेत ते हसतात. बाद झालेलं बारकं पोरगं आईच्या पदरात जाऊन रडतं. दरवर्षी रडतं. तू शिक्षिका आहेस, तुला दिसत नाही?

इथे माझं मत मामांच्या बाजूने पडतं आणि वहिनीला मी ते सांगितलंही. संगीत खुर्ची हा खेळ दहा मिनिटांत घरातल्या नव्वद टक्के माणसांना प्रेक्षक बनवतो. वहिनी म्हणाली, मग खुर्च्या काढायच्या, माणसं नाही. उरलेल्या खुर्च्यांवर सगळ्यांनी कसंही मावायचं, मांडीवर, हातावर, एकमेकांच्या पाठीला टेकून. शाळेत ती लहान मुलांना तसंच खेळवते. मामांनी विचार केला आणि विचारलं, जाड आत्याचं काय होणार? वहिनी म्हणाली, ती खुर्ची होणार.

मग आंधळी कोशिंबीर आली. या बाबतीत मामा हट्टाला पेटले होते, आणि हट्टाला कारण होतं.

मामा : हा खेळ नको. मी उत्तम शुक्रवारी दरवर्षी लूकचा बाविसावा अध्याय वाचतो. मुख्य याजकाच्या घरात शिपाई येशूचे डोळे बांधतात, मारतात आणि विचारतात, ओळख, कुणी मारलं? मला तोच खेळ दिसतो. डोळे बांधलेलं माणूस, भोवती हसणारी माणसं.

वहिनीने लगेच उत्तर दिलं नाही. हा अध्याय तिलाही चांगला ठाऊक होता.

वहिनी : मामा, मी लहानपणी शंभर वेळा खेळलेय आणि मला कधी तसं वाटलं नाही. कारण माझ्यावर राज्य आलं की मी एकाला पकडायची आणि मग राज्य त्याच्यावर. प्रत्येकाचे डोळे बांधले जातात. प्रत्येकाचे सुटतात. त्या रात्री त्याच्यावर जे राज्य आलं ते कुणी बदलूच दिलं नाही. शिपायांपैकी एकानेही आपल्या डोळ्यांवर फडकं बांधून घेतलं नाही. म्हणून तो खेळ नव्हता. खेळाचं ढोंग होतं ते.

मामा : (बऱ्याच वेळाने) हे तुला कुणी शिकवलं?

वहिनी : तुम्ही विचारलंत म्हणून आत्ताच सुचलं.

मामा : तरी नको. तुझं बरोबर असेल. पण मी तिथे बसलेलो असेन, आणि मला दिसेल ते दिसेल.

वहिनीने आंधळी कोशिंबीर पत्रिकेतून काढली. मला वाटलं होतं ती भांडेल. ती म्हणाली, वाद मी जिंकले, खेळ त्यांना सोडला. खरं म्हणजे तिला हे सोडून दुसरं काहीतरी हवं होतं, आणि ते लगेच बाहेर आलं: चपलांचा खेळ.

हा खेळ हल्ली लग्नांत सर्रास असतो. नवराबायकोला पाठीला पाठ लावून बसवायचं. प्रत्येकाच्या एका हातात स्वतःची चप्पल, दुसऱ्यात जोडीदाराची. सूत्रधार विचारणार, आधी कोण रागावतं? उशिरा कोण उठतं? पैसे कोण लपवून ठेवतं? ज्याचं नाव घ्यायचं त्याची चप्पल वर करायची. दोघांनी एकच चप्पल उचलली की टाळ्या, वेगळी उचलली की जास्त टाळ्या.

मामा : हे मात्र मी होऊ देणार नाही. माझ्या बहिणीच्या हातात चप्पल आणि ती नवऱ्यासमोर वर केलेली? पन्नासाव्या वर्षी? आपल्याकडे चप्पल वर केली की त्याचा एकच अर्थ होतो.

वहिनी : (हसत सुटते) अहो मामा, पाठ केलेली असते त्यांनी, समोर नसतात.

मामा : फोटोत समोर दिसतं.

वहिनी : मग काय देऊ हातात?

मामा : ते तू बघ. तुम्हा गोराईकरांच्या लग्नात ते उंबराचं पाणी असतं ना, बँडच्या तालावर विहिरीवर जातात. मी एकदा आलो होतो. ते चांगलं होतं. आमच्याकडे बायका नाव घ्यायच्या. उखाणा म्हणून. त्यातही नवऱ्याची थट्टा असायची, पण चप्पल नसायची.

वहिनी : लाटणं आणि चष्म्याचं घर. आईंसाठी लाटणं, बाबांसाठी चष्म्याचं घर. दोघांच्या हातात दोन्ही.

मामा : लाटणंही मारायचंच आहे.

वहिनी : पण त्याने पोळीही लाटता येते.

यावर मामा हसले. संध्याकाळभरात पहिल्यांदा. आणि मग त्यांनी आपणहून प्रश्नांची यादी मागितली. ‘पैसे कोण लपवून ठेवतं’ हा प्रश्न त्यांनी खोडला, कारण त्याचं उत्तर त्यांना ठाऊक होतं आणि ते जाहीर होणं त्यांच्या बहिणीला परवडणार नव्हतं. त्याऐवजी त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं: पहिली लोकल कुणामुळे चुकली? या प्रश्नामागे आमच्या घरात एक जुनं भांडण आहे. त्याचा निकाल अजून लागलेला नाही.

वहिनी : बघा, तुम्हालाही येतं हे.

मामा : येतं म्हणून करावंच असं नाही. शमशोनालाही कोडं घालता येत होतं. स्वतःच्या लग्नाच्या मेजवानीत कोडं घातलं, सात दिवसांची मुदत, तीस तागाचे झगे आणि तीस पोशाखांची पैज. शेवट काय झाला? अश्कलोनात तीस माणसं मारली आणि बायको दुसऱ्याकडे गेली. घरच्या मेजवानीतल्या खेळाची शास्त्रातली पहिली गोष्ट ही आहे, बाई.

वहिनी : कोड्याने नाही मेले ते. पैजेने मेले. पैज तर तुम्ही संध्याकाळीच माझ्याकडून सोडवून घेतलीत.

मामांना हे मान्य करावं लागलं. कुठलाही मुद्दा निघाला तरी दोघं पुन्हा पैशापाशीच येत होती, आणि तिथे आली की दोघांचं जमत होतं. एरवी जमत नव्हतं, आणि मला त्याची काही खंत नाही. एकमेकांचं ऐकून दोन्ही बाजू हळूहळू एक होतात असं लेखांमध्ये होतं, आमच्या घरात क्वचित.

पुढचा वार वहिनीने केला, आणि तो मला अपेक्षित होता.

वहिनी : तुमचं खरं दुखणं सांगू? लूकच्या पंधराव्या अध्यायातला थोरला भाऊ. आत गाणं-नाच चाललाय आणि हा बाहेर उभा. शेवटी बापालाच बाहेर येऊन विनवावं लागतं. उद्या तुम्ही ओट्यावर बसणार आणि बाबांनी बाहेर येऊन तुम्हाला बोलवायचं.

मामा : त्या थोरल्याची बाजू कुणी मांडतच नाही. तो दिवसभर शेतात राबत होता. त्याच्याच घरात मेजवानी ठरली, वासरू कापलं, वाजंत्री आली, आणि त्याला कळलं कधी? घराजवळ आल्यावर. कुणाकडून? गड्याकडून. एखादा माणूस पाठवून त्याला शेतातून बोलावलं असतं तर तो आत आला नसता कशावरून? मला ही पत्रिका आज सकाळी चर्चमधून बाहेर पडताना मोबाइलवर मिळाली. तीही सगळ्या साठ जणांना पाठवल्यावर.

वहिनी गोरीमोरी झाली. या वादाखाली आणखी एक वाद होता, आणि तो खेळांचा नव्हता. माणूस घरातला वडीलधारा होतो तेव्हा त्याला विचारलं जाण्याची सवय लागलेली असते, आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात विचारणं हळूहळू कळवणं होऊन बसतं. वहिनीने माफी मागितली नाही, तिने त्याहून बरं केलं. पेन मामांच्या हातात दिलं.

वहिनी : उपकारस्तुती किती वेळ?

मामा : चाळीस मिनिटं.

वहिनी : पंचवीस.

मामा : पस्तीस. साक्ष दोघांची, तुझ्या सासऱ्यांची आणि सासूचीही. ती कधी बोलत नाही.

वहिनी : तीस. आणि सासूबाईंची साक्ष आधी. बाबा आधी बोलले तर त्यांना वेळ उरणार नाही.

मामा : तीस. पण मध्ये मोबाइल बंद.

पालेभाजीच्या गाड्यावर घालतात तशी देवाच्या वेळेची ही घासाघीस मी पहिल्यांदाच पाहिली. तीस मिनिटं लिहिली गेली. त्याखाली खेळ दीड तास. त्याखाली मामांनी बारीक अक्षरात लिहिलं: सगळ्यांसाठी, घर सांभाळणाऱ्यांसह.

मग राहिला प्रश्न आकडे कोण ओरडणार याचा. वहिनीचा आवाज चर्चच्या क्वायरमध्ये बसला होता. मी आकडे सांगायला उभा राहिलो की लोक झोपतात, असा माझा लौकिक आहे.

वहिनी : मामा, तुम्ही सांगाल?

मामा : मी तिकीट घेणार नाही. आकडे काढणाऱ्याने तिकीट घेऊ नये, ते फसवणुकीच्या फार जवळ जातं.

वहिनी : नका घेऊ. फक्त ओरडा. पण नुसता आकडा नाही, त्याला काहीतरी जोडायचं. अकरा म्हणजे लेग्स इलेव्हन, बावीस म्हणजे टू लिटल डक्स, नव्वद म्हणजे टॉप ऑफ द हाउस.

मामा : लेग्स? मी?

वहिनी : नेपल्समध्ये तेहतीस आला की ख्रिस्ताचं वय म्हणतात आणि पंचवीस आला की नाताळ.

हे ऐकल्यावर मामा जरा पुढे सरकले. त्यांनी माझ्याकडून एक तिकीट मागितलं, चष्मा लावला आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

मामा : पाच, भाकरी. बारा, शिष्य. सतरा, योसेफाचं वय, भावांनी विकलं तेव्हाचं. तीस, चांदीची नाणी. अडतीस, बेथेस्दाच्या तळ्याकाठी पडून असलेला माणूस, तितकी वर्षं आजारी होता. चाळीस तर कुणीही सांगेल. सेहेचाळीस, मंदिर बांधायला लागलेली वर्षं. पन्नास...

वहिनी : योबेल वर्ष. उद्या पन्नास आला की आईबाबांनी उभं राहायचं.

मामा : सहासष्ट, शास्त्रातली पुस्तकं.

वहिनी : आमची त्र्याहत्तर आहेत.

मामा : मग त्र्याहत्तर आला की तू ओरड. पंच्याहत्तर, अब्राहाम हारानातून निघाला ते वय. चौऱ्याऐंशी, मंदिरातली विधवा हन्ना. नव्वद, सारा. तिला तर हसूच आलं होतं म्हातारपणी मूल होणार म्हटल्यावर. नव्वदला सगळ्यांनी हसायचं.

मी हे सगळं तिकिटाच्या मागे लिहून घेत होतो. बाहेर पोपटीचं मडकं उघडत होते आणि ओव्याच्या वासासारखा भांबुर्ड्याचा वास आत आला होता. ती दोन पोरं आता खिडकी सोडून दारात आली होती. त्यांतल्या मोठ्या पोराने मामांना विचारलं, अठ्ठ्याऐंशीला काय म्हणायचं?

वहिनी : अठ्ठ्याऐंशीला टू फॅट लेडीज म्हणतात.

मामा : ते म्हणायचं नाही. नगरहून आत्या येतेय आणि तिच्या दोन्ही बहिणी येतायत.

वहिनी : मग शास्त्रात अठ्ठ्याऐंशी आहे कुठे?

मामांनी डोळे मिटले. नहेम्याचं पुस्तक त्यांनी एकदा मुलांकडून नावांसकट वाचून घेतलं होतं, त्या मुलांपैकी मी एक आहे आणि तो रविवार विसरलेलो नाही.

मामा : नहेम्या, सातवा अध्याय. बंदिवासातून परत आलेली बेथलेहेम आणि नटोफाची माणसं. एकशे अठ्ठ्याऐंशी.

वहिनी : एकशे? मग वरच्या शंभरांचं काय?

मामा : ते कर्जतला गाडी बदलायला थांबलेत म्हणून सांगेन.